नकाशावरची रिकामी जागा

प्रश्न : ताई, माझं बी.फार्म. झालं आहे आणि कराडला स्वतःचं मेडिकल टाकायचं आहे. मित्राच्या मदतीने ओपनस्ट्रीटमॅपवरून शहरातली सगळी मेडिकल्स नकाशावर काढली. कृष्णेच्या पुलापलीकडे विद्यानगरच्या बाजूला एक मोठा पट्टा रिकामा दिसतो. तिथे गाळाही मिळतो आहे. मालक महिनाअखेरीस डिपॉझिट मागतो. देऊ का?
– एक वाचक, कराड

उत्तर : या महिन्यात देऊ नका. गाळा हातचा जाईल ही भीती मला कळते, पण तुमच्या नकाशाने अजून फार थोडं सांगितलं आहे.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली सुरू झाला आणि तो स्वयंसेवकांनी भरलेला आहे. कुणीतरी त्या रस्त्याने गेलं, दुकान पाहिलं, नोंद केली, म्हणून ठिपका आला. ज्या गल्लीत असं कुणी फिरकलंच नाही, ती गल्ली रिकामी दिसते. म्हणजे तुमच्या पट्ट्याचे तीन अर्थ निघतात : तिथे मेडिकल नाही; आहे, पण नोंदलेलं नाही; किंवा कुणीतरी टाकलं होतं आणि चाललं नाही म्हणून बंद केलं. नकाशात तिन्ही सारखेच दिसतात.

हे मी घरातच पाहिलं आहे. माझ्या भावाला इचलकरंजीत बेकरी काढायची होती. नकाशा मीच करून दिला. यंत्रमागांच्या वस्तीत एकही बेकरी दिसत नव्हती, म्हणून त्याने तिथला गाळा घेतला. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की आतल्या बोळांत चार घरांमध्ये भट्ट्या आहेत. बोर्ड नाही, ऑनलाइन नोंद नाही. पाव, खारी आणि टोस्ट पहाटे सायकलवरून चहाच्या टपऱ्यांवर जातो आणि पाळी सुटली की कामगार तोच घेतो. भावाने अकरा महिने तग धरला. त्या गल्ल्यांतून मी एक सकाळ फिरले असते तर त्याचे पैसे वाचले असते. तेव्हापासून पायी फिरल्याशिवाय मी कुणालाही जागा सुचवत नाही.

आता तुमच्या धंद्याकडे येऊ. मेडिकलचं बरंचसं गिऱ्हाईक घरातून निघत नाही, दवाखान्यातून निघतं. हातात चिठ्ठी असते आणि माणूस समोर दिसेल त्या दुकानात शिरतो. म्हणून फक्त मेडिकल्सचे ठिपके काढून भागणार नाही. ओव्हरपास टर्बोवर, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपमधली माहिती शोधून काढायच्या वेबसाइटवर, जशी फार्मसी शोधलीत, तसेच डॉक्टर, क्लिनिक आणि हॉस्पिटल शोधा. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे थर एकावर एक ठेवा आणि प्रत्येक दवाखान्यापासून सर्वांत जवळचं मेडिकल किती पावलांवर आहे ते बघा. ज्या दवाखान्याच्या जवळपास मेडिकल नाही, ती तुमची खरी रिकामी जागा.

दुसरं गिऱ्हाईक बीपी-शुगरच्या गोळ्या दरमहा नेणारं. दुकान टिकतं ते याच्यावर. विद्यानगरला इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, शासकीय फार्मसी कॉलेज आहे, होस्टेलं आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत. वर्दळ भरपूर, पण वय वीस. ती मुलं बँडेज, सॅनिटरी पॅड, तापाची गोळी, चेहऱ्याचं क्रीम नेतील आणि सुट्टी लागली की गावी जातील. दरमहाची चिठ्ठी असलेली कुटुंबं त्या पट्ट्यात किती, हे आधी कळायला हवं.

वॉर्डनिहाय लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळते, पण त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती तिला ठाऊक नाहीत. माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली विजेचे मीटर असतात, ते मोजायचे. ज्यांचं चाक फिरत नाही किंवा दिवा लुकलुकत नाही, ते फ्लॅट बंद आहेत. एका दुपारी शंभर-दीडशे घरांचा अंदाज येतो, आणि वॉचमनशी दोन शब्द बोललात की भाडेकरू किती नि म्हातारी माणसं किती, तेही कळतं.

गाळ्याभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढलं असेल तर ते पुसा. त्यात कृष्णेच्या अलीकडची घरंही धरली जातात, आणि एका पाकिटासाठी कुणी पूल ओलांडून येत नाही. मलकापूरला हायवे असाच आडवा येतो. चालायला दहा मिनिटं लागतील तेवढाच भाग रस्त्यारस्त्याने रंगवा. तो हाताच्या पंजासारखा वेडावाकडा येईल, पण गिऱ्हाईक त्यातूनच येणार.

फिरताना फोनवर जागा नोंदवाल तेव्हा आधी अक्षांश, मग रेखांश. कराड साधारण १७.२८ उत्तर, ७४.१८ पूर्व. हे आकडे उलटे पडले की तुमचं मेडिकल नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. मी अशा फायली दुरुस्त केल्या आहेत. दशांश चिन्हापुढे निदान चार आकडे ठेवा, म्हणजे ठिपका दहा-अकरा मीटरच्या आत बसतो. आणि जे मेडिकल नकाशावर नव्हतं, ते ओपनस्ट्रीटमॅपवर जोडाच. तुम्ही तिथून घेतलंत, तर तिथे भरलंही पाहिजे.

गाळ्याचं माप स्वतः घ्या. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला निदान १० चौरस मीटर जागा लागते. मालक सांगतो त्यात बऱ्याचदा बाहेरची पायरी धरलेली असते.

प्रश्न : माझी कृषी अवजारांची एजन्सी आहे. एकाने जिल्ह्यातल्या दुकानांची पिनकोडसह यादी विकायला आणली आहे. नकाशा करायला घ्यावी का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नको. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला तो टपालाची वर्गवारी करण्यासाठी. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. एका पिनमध्ये अनेक गावं असतात, त्यामुळे यादीतली पन्नास दुकानं नकाशावर एकाच बिंदूवर चढून बसतील. शिवाय विकणाऱ्याने ती कुठून आणली हे विचारा. गूगलच्या नकाशावरून घाऊक माहिती उतरवून साठवायला त्यांच्या अटींची मनाई आहे. फोरस्क्वेअर या ठिकाणांची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने २०२४मध्ये आपली ठिकाणांची माहिती खुली केली, ती फुकट मिळते. पण आपल्या तालुक्याच्या गावांत तीही विरळ असेल असं धरूनच चाला. तुमच्याकडे याहून चांगली यादी आहे : गेल्या तीन वर्षांची तुमची बिलं. त्यावरची गावं नकाशावर टाका.

कराडच्या वाचकांना एक विनंती. दवाखाने सुटतात त्या वेळी, संध्याकाळी सहा ते नऊ, एक दिवस कामाचा आणि एक रविवारचा, गाळ्यासमोर उभे राहा आणि हातात चिठ्ठी असलेली माणसं मोजा. दोन्ही आकडे मला कळवा. पुढचा अंक निघायच्या आत उत्तर देते.