डोकं दुखतं आणि गोळी जाते पोटात. मग दुखणं डोक्यात आहे हे तिला कळतं कसं?

कळत नाही. तिला काहीच कळत नाही.

मी सोळा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. एकजण गुडघ्याची चिठ्ठी घेऊन येतो, मागचा कंबरेची. दोघांच्याही हातात ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीचीच पट्टी पडते आणि दुसरा माझ्याकडे संशयाने बघतो, "अहो, हे त्यांचं दिलंत का मला?"

गोळी आतड्यातून रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर टाळूपासून टाचेपर्यंत फिरते. जिथे इजा किंवा सूज असते तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं भराभर बनवत असतात. त्यांनी नसांची टोकं हळवी होतात, म्हणून नुसता हात लागला तरी ठणका बसतो. ही रसायनं कॉक्स नावाचं एन्झाइम बनवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही सगळी मंडळी त्या एन्झाइमचंच काम अडवतात. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1971 पर्यंत जगाने ॲस्पिरिन सत्तर वर्षं गिळून झाली होती!

पण कॉक्स काही फक्त दुखऱ्या जागी नसतं. जठराचं आतलं अस्तर सांभाळणं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणं ही कामंही प्रोस्टाग्लँडिनच करतात. गोळी तिथेही पोचते आणि तीही कामं अडवते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा जोडीला जठरातलं आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल देतात. "ती गॅसची गोळी नको, मला गॅस नाही," असं म्हणून लोक नेमकी तीच परत करतात. अर्थात ती पोट वाचवते, मूत्रपिंड नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. जनावरांसाठी ते 2006 मध्ये बंद झालं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना न विचारता ही गोळी घेऊच नये.

पॅरासिटामॉलची तऱ्हा वेगळी. तिचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं, सुजेवर ती फारशी चालत नाही.

थोडाफार पत्ता घेऊन निघणारी गोळी म्हणजे अर्धशिशीची सुमाट्रिप्टान. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या आणि तिथल्या नसा यांवर सेरोटोनिन हे शरीरातलं रसायन जिथे चिकटतं, त्या ठरावीक जागा ती पकडते. गुडघ्याला तिचा उपयोग शून्य. तरी तसल्याच जागा थोड्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही असतात, म्हणून हृदयविकार असलेल्यांना ती देत नाहीत. अर्धशिशीत जठर मंदावतं, त्यामुळे दुखणं सुरू होताच घेतलेली गोळी लागू पडते, उशिरा घेतलेली बऱ्याचदा तितकी लागू पडत नाही. आणि महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस ती घेत राहिलात तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागू शकतं.

संधिवातातल्या रुमॅटॉइड प्रकारात मेथोट्रेक्सेट देतात. ती वेदनाशामक नाहीच, आपल्याच सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती ती आवरते, तीही काही आठवड्यांनी. आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. दुखतंय म्हणून रोज घेतली तर रक्तपेशी बनणं थांबून जीव जाऊ शकतो. म्हणून मी चिठ्ठीतला वार बघून पाकिटावर मार्करने मोठ्ठं लिहितो, ‘फक्त बुधवारी’, आणि पेशंटकडून मोठ्याने वाचून घेतो.