पुसदला राहून जुनी एएमजी घ्यावी का?

एएमजी म्हणजे मर्सिडीजची ताकदवान, वेगवान गाडी. दीड कोटीची गाडी पाच-सहा वर्षांनी ५० लाखांत मिळतेय म्हणता, पण तेवढ्याने ती ५० लाखांची गाडी होत नाही भाऊ. सुट्या भागांचे दर दीड कोटीच्या गाडीचेच राहतात. भाव उतरण्यात नवल काहीच नाही. विमा कंपन्याही ४ ते ५ वर्षांच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ५० टक्के घसारा धरूनच काढतात.

इंजिनापेक्षा जास्त छळतात टायर, ब्रेक डिस्क आणि एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा). आपल्याकडे काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. कमी उंचीच्या कडांचा (लो-प्रोफाइल) टायर खड्ड्यात आपटला की रिम वाकते, टायरला बाजूने फुगवटा येतो. मग पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर बदलायचाच. एअर सस्पेन्शनची रबरी पिशवी जुनी झाली की चिरते, आणि रात्रभर उभ्या गाडीची हवा गळून ती बाजू खाली बसते. म्हणून गाडी पाहायला सकाळीच जा, मालकाने सुरू करायच्या आधी. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर सौदा सोडा.

दिल्लीची स्वस्त वाटली तर एनओसी आणि इथल्या आरटीओचा टॅक्स आधी हिशेबात धरा. सर्व्हिस सेंटर नागपूरला, म्हणजे बिघडली की दोनशेच्या वर किलोमीटर फ्लॅटबेडवर. आणि समृद्धीवर हौस भागवायची असेल, तर तिथेही मर्यादा १२०चीच.

घ्यायचीच तर कंपनीची वाढीव वॉरंटी मिळेल अशीच बघा, सर्व्हिसच्या नोंदी चेसिस नंबरवरून पडताळा, आणि पाच-सात लाख दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा.