क्लिप तुम्ही टाकलीत, मग समजवायचं कोणाला?

प्रश्न : मुलगी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी चार महिने ती घरीच माझ्या आईचं शूटिंग करत होती. आई सुनेवर ओरडते आणि गेलेल्या वडिलांचा चष्मा शोधत बसते, अशी दोन मिनिटांची क्लिप मी माझ्या अकाउंटवर टाकली. लाखभर लोकांनी पाहिली. बाजारात माणसं थांबवून विचारतात, 'चष्मा सापडला का?' मुलीने मात्र तेव्हापासून कॅमेराच धरलेला नाही. तिला समजवा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला प्रवेश मिळेल का?
– एक पालक, कराड

उत्तर : प्रवेशाचं आधी उरकतो. तुम्ही म्हणता ती पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे एफटीआयआय; कोलकात्यात तशीच दुसरी संस्था आहे, एसआरएफटीआय. दोन्हीकडे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, त्यांना पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. मुलगी अजून दुसऱ्या वर्षाला आहे, घाई नको.

आता मला खटकलेलं. बाजारातली माणसं काय विचारतात ते तुम्ही हौसेने लिहिलंत. आईला काय वाटलं, याची एक ओळ नाही. आणि ज्या सुनेवर त्या ओरडतात ती तुमची बायको ना? तिच्याबद्दल अवाक्षर नाही. क्लिप टाकण्याआधी या दोघींना विचारलं होतंत? मुलीला तरी?

पत्रात पुढे तुम्ही म्हणता, 'यात कला कसली, कॅमेरा लावायचा आणि घडेल ते टिपायचं.' हा गैरसमज फार जणांचा आहे. १९७१ साली अमेरिकेत सांता बार्बरा इथल्या लाउड कुटुंबाच्या घरी सात महिने असंच चित्रीकरण चाललं. जमलेल्या सुमारे ३०० तासांतून एका मालिकेचे १२ भाग निघाले आणि १९७३ मध्ये ते सरकारी पाठबळाच्या पीबीएस वाहिनीवर दिसले. घरच्या बाईने, पॅट लाउड यांनी, प्रवासाहून परतलेल्या नवऱ्याच्या हातात घटस्फोटासाठी आपल्या वकिलाचं कार्ड ठेवलं, तेही देशाने पाहिलं. मग वर्तमानपत्रांनी त्या कुटुंबाची सालं काढली. लाउड मंडळींचं म्हणणं होतं, आमचे चांगले दिवस कापले, वाईट तेवढे ठेवले. दृश्यं खोटी नव्हती. पण काय ठेवायचं हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं होतं. तुमच्या घरी ते तुम्ही ठरवलंत. चार महिन्यांत आजी मटार सोलताना गुणगुणल्याही असतील, पण तुम्ही उचललं ते ओरडणं.

तेव्हा तुमच्या मुलीचा रस गेलेला नाही, असं मी समजतो. आजीने तिच्यावर विश्वास टाकून चार महिने कॅमेरा घरात वावरू दिला. तो विश्वास तिच्या बापाने परस्पर खर्च केला. तिला समजवायला मी येणार नाही.

क्लिप आजच काढा. इतरांनी उतरवून घेतली असेल ती परत येणार नाही, हेही तिला कबूल करा. मग मुलगी तयार झाली तर तिने जोडलेलं चित्रण घरच्या टीव्हीवर आधी आजीला आणि आईला दाखवू दे. दोघींपैकी कोणी 'हे नको' म्हणालं, तर तो तुकडा गेला. त्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत बसलात तरी चालेल.