लिव्हर सिरोसिसमध्ये (लिव्हर कडक, निबर होतं तो आजार) आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढलेला असताना रक्ताची गुठळी होऊ शकते का?

वडिलांचा आयएनआर २.१ आहे, रक्त पातळ झालंय, मग निदान गुठळीची तरी भीती नाही ना, आणि पोटातलं पाणी काढण्याआधी प्लाझ्मा (रक्तातला पातळ, पिवळसर भाग) द्यायचा का, असं तुम्ही विचारलंय. याच वाक्यावरून आमच्या घरात चार वर्षं धुसफूस चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

भीती आहे. चांगलीच आहे.

मी सोलापुरात लॅब टेक्निशियन. दादाला सिरोसिस. (दारूला कधी शिवला नाही, साखर आणि फॅटी लिव्हर. लोक आधी तेच विचारतात म्हणून सांगते.) पोट नगाऱ्यासारखं तटतटलेलं, आयएनआर २.३, प्लेटलेट्स ५४ हजार. पाणी काढायचं ठरलं तर दाजी अडून बसले: आधी प्लाझ्मा, मगच सुई. दाजींचं मेडिकल आहे, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनेही मान डोलावली. रात्री साडेदहाला भाचा मित्रांना घेऊन रक्तपेढीत. चार गोठलेल्या पिशव्या, ३७ अंशाच्या पाण्यात वितळेपर्यंत अर्धा तास. जवळजवळ लिटरभर प्लाझ्मा चढवून आयएनआर झाला १.९, आणि दादाला धाप लागली. सुई काढली तेव्हा दोन थेंब आले. पहाटे पट्टी मात्र ओलीचिंब.

तीन महिन्यांनी पोट पुन्हा भरलं. डॉपलर सोनोग्राफीत पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळी. दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "पातळ रक्तात गुठळी कशी होईल? तुझ्या लॅबचा रिपोर्टच चुकला. नळी अर्धीच भरली असणार." (नळी कमी भरली की आयएनआर खोटाच जास्त येतो, म्हणून.) वहिनीसुद्धा गप्प.

आयएनआर हे मुळात वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी ठरवलेलं माप. आम्ही प्लाझ्मात रसायन घालतो आणि तो किती सेकंदांत साकळतो ते बघतो, बस्स. लिव्हर साकळवणारे घटक बनवतं, तसे साकळणं आवरणारेही बनवतं: प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन. सिरोसिसमध्ये दोन्ही घटतात, आमच्या नळीला फक्त पहिले दिसतात. वर फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे साकळायला मदत करणारे दोन घटक उलट वाढलेले. तराजूच्या दोन्ही पारड्यांतलं वजन काढलं तर काटा मधेच राहतो, पण इन्फेक्शनचा नुसता धक्का लागला की कुठेही कलतो.

दादाची पट्टी भिजली त्याचं कारणही नळीत दिसत नाही, कारण साकळलं की आमची चाचणी संपते. गुठळी विरघळवायला लावणारा टीपीए रक्तातून काढून टाकणं हे लिव्हरचं काम. ते थकलं की टीपीए रेंगाळतो, आणि त्याच्या पुढच्या प्लाझ्मिनला (गुठळी प्रत्यक्ष विरघळवतो तो हा) आवर घालणारं प्रथिनही लिव्हरच बनवतं, तेही कमी पडतं. धरलेली गुठळी मग तासाभराने सुटते.

त्यामुळे नुसता आकडा सुधारायला पाणी काढण्याआधी प्लाझ्मा नको, असंच माझं मत. आता बहुतेक लिव्हरतज्ज्ञही देत नाहीत. जास्तीचं पाणी शिरेत गेलं की पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, आणि रक्ताची उलटी होते ती बहुधा त्या दाबाने.

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड लावले, मग हेपारिनची, म्हणजे गुठळी वाढू न देणारी, इंजेक्शनं सुरू केली. दाजी म्हणाले, मारताय का त्याला. सहा महिन्यांत शीर बरीचशी मोकळी झाली.

अर्थात दादाचं औषध तुमच्या वडिलांना लागू पडेलच असं नाही. चालू रक्तस्राव, फायब्रिनोजेन (गुठळीचं जाळं ज्याचं बनतं ते प्रथिन) फार कमी, किडनी बिघडलेली, मोठं ऑपरेशन, अशा वेळी हिशेब बदलतो. कावीळ जास्त असेल तर व्हिटॅमिन केचं विचारा. काळी शी झाली तर उत्तरं वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि दाजी, भाच्याने तुम्हाला हे दाखवलंच तर, नळी रेषेपर्यंत भरलेली होती. मी स्वतः भरली होती.