'फोर्थ विंग' निम्म्यात सोडलीत, आता पुढे काय वाचाल?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली 'फोर्थ विंग' तुम्ही निम्म्यात बाजूला ठेवलीत, तर रोमँटिक फँटसी हा प्रकारच आपल्याला मानवणारा नाही का, आणि नव्यातलं दुसरं काय वाचावं, हा एक. नववीतली भाची तेच पुस्तक मागतेय, द्यावं का, हा दुसरा. भाचीचं शेवटी बघू. हा प्रकार मी बरीच वर्षं वाचतेय, चांगलं-वाईट सगळं पचवलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी 'फोर्थ विंग'ला तिचं श्रेय देऊ. रिबेका यारोसची ही कादंबरी मे २०२३ मध्ये आली, दुसरा भाग 'आयर्न फ्लेम' त्याच नोव्हेंबरात आणि तिसरा 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये. तिसऱ्याच्या पहिल्या आठवड्यातच २७ लाखांवर प्रती खपल्या. रील्सच्या जोरावर पहिला भाग खपेल हो, तिसऱ्यासाठी लोक रांगा लावतात तेव्हा आत काहीतरी असतंच. काय असतं ते पहिल्या काही पानांतच दिसतं. व्हायलेटला ग्रंथालयात लेखनिक व्हायचंय, आई सेनापती, ती तिला जबरदस्तीने ड्रॅगनस्वारांच्या तुकडीत ढकलते. प्रवेश घ्यायचा तर उंचावरचा एक अरुंद दगडी पूल ओलांडायचा, पडलात की संपलात. रांगेत व्हायलेटच्या लक्षात येतं की पुढच्या मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत आहेत. आपले बूट पकड देणारे आहेत, बहिणीने मुद्दाम आणलेले. मग ती एक बूट तिला देते आणि तिचा एक आपण घालते. म्हणजे दोघींचा एकेक पाय घसरणार आणि एकेक टिकणार. नंतर पुलावर भीती वाटू नये म्हणून ही पोरगी देशाचा इतिहास-भूगोल पाठ म्हणत चालते. नायिका कशी आहे हे सांगायला यारोसला एकही विशेषण लागलेलं नाही. एवढं जमणारी लेखिका कच्ची नाही.

मग तुम्ही कंटाळलात कुठे? माझा अंदाज, नायक झेडन मैदानात उतरल्यानंतर. त्याची सावली, त्याचा जबडा, त्याची नजर, पुन्हा त्याचा जबडा. इथे मी माझी कसोटी सांगते, कारण पुढची सगळी मतं तिच्यावरच उभी आहेत. त्या जगातली जादू काढून घेतली तर नायक-नायिकेचं प्रेम तसंच्या तसं उरतं का? उरत असेल तर जादू म्हणजे नुसतं नेपथ्य. तीच गोष्ट इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर घडली असती, ड्रॅगन मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेत इतकंच. चांगल्या रोमँटिक फँटसीत जादूचा नियमच प्रेमाच्या आड येतो, आणि लेखिका त्या नियमाला शेवटपर्यंत सवलत देत नाही.

गंमत म्हणजे 'फोर्थ विंग'मध्ये असा नियम आहे. व्हायलेटचा ड्रॅगन टेर्न आणि झेडनची ड्रॅगन स्गेल हे जोडीदार. ड्रॅगन फार काळ लांब राहू शकत नाहीत, म्हणून स्वारांनाही एकमेकांच्या आसपास राहणं भाग. पण हा नियम त्यांना जवळ आणतो. आड येत नाही, सोय करून देतो. खरा अडथळा वेगळाच आहे: झेडनच्या बापाने बंड केलं, त्यात व्हायलेटचा भाऊ गेला, आणि तिच्या आईच्या बाजूने त्या बापाला मृत्युदंड दिला. दोन घरांत एवढं रक्त सांडलंय. एवढ्या भांडवलावर तीन पुस्तकं चालली असती. इथे मात्र ते वैर काही प्रकरणांत विरघळतं आणि उरतं फक्त 'आपण एकत्र यावं की नाही' हे घोळवणं. तुमचा कंटाळा तिथला असेल तर प्रकार सोडायचं काही कारण नाही.

आता काय वाचायचं. नवं विचारलंत, तरी सुरुवात मी २०१८ च्या एका पुस्तकाने करणार, कारण ही कसोटी मला त्यानेच दिली. नाओमी नोविकची 'स्पिनिंग सिल्व्हर'. पूर्व युरोपासारखा एक बर्फाळ मुलूख, तिथल्या ज्यू सावकाराची मुलगी मिर्येम. बाप इतका भिडस्त की उधारी देतो पण मागत नाही. गाव त्यांच्याच पैशावर मजेत, आणि यांच्या घरी आई थंडीत आजारी. शेवटी मिर्येम स्वतः वसुलीला दारोदार फिरते, पैसे नसतील तर वस्तू उचलते, आणि हिशेब नीट मांडते. एकाचं कर्ज फिटेना म्हणून त्याच्या मुलीला, वांडाला, घरकामाला ठेवते. धंदा वाढतो आणि एकदा बर्फातल्या प्रवासात ती फुशारकी मारते की मी चांदीचं सोनं करते. तिला म्हणायचा असतो व्यापार. ऐकतो हिमलोकाचा राजा, आणि तो ते शब्दशः घेतो. दारात चांदीच्या नाण्यांची थैली येऊन पडते. ती नाणी ती सोनाराकडून दागिना करून घेऊन सोन्याला विकते. मग आणखी मोठी थैली, मग त्याहून मोठी. जमलं तर राजा लग्न करणार, नाही जमलं तर तिचा बर्फ करणार. तिला दोन्ही नकोय.

लग्नानंतरचं प्रकरण तर मी कितीही वेळा वाचू शकते. त्या लोकात फुकट काही घ्यायचं नाही, उपकार ठेवून घ्यायचा नाही, आभार मानायची तर पद्धतच नाही, कारण आभार म्हणजे देणं फेडायचं टाळणं. मिर्येम तर हिशेबात वाढलेली. ती नवऱ्याशी सौदा करते: पत्नीचे हक्क तिने सोडायचे, बदल्यात त्याने रोज रात्री तिच्या ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची. दोघंही आपापला शब्द पाळतात. आदर तिथून सुरू होतो आणि प्रेम फार, फार उशिरा येतं. जबड्याचं वर्णन नाही. जादू काढा, या दोघांमध्ये काहीच उरत नाही. एकच अडचण, निवेदक बरेच आहेत आणि 'मी' कोण हे प्रकरणाच्या सुरुवातीला कळायला वेळ लागतो. शंभर पानं कळ काढा.

हलकंफुलकं हवं असेल तर हेदर फॉसेटची 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज', २०२३ ची. दोन भाग पुढे आलेत, तिसरा २०२५ मध्ये. काळ १९०९. केंब्रिजची एक प्राध्यापिका उत्तरेकडच्या एका काल्पनिक बेटावर परीलोकाचा ज्ञानकोश पुरा करायला जाते. सगळं पुस्तक तिच्या रोजनिशीतून, खाली तळटीपांसह. वनातल्या अदृश्य जमातींशी कुणी काय बोलावं, काय द्यावं, काय घेऊ नये याचे सगळे नियम तिला पाठ. पण गावच्या प्रमुख बाईंचा मान कसा ठेवावा हे कळत नाही. त्या दुखावतात आणि गाव पाठ फिरवतं. लाकडं फोडतानाचे तिचे हाल वाचून मी मोठ्याने हसले होते. मग तिचा सहकारी वेंडेल येऊन टपकतो, देखणा, आळशी, आणि संशोधनाच्या बाबतीत संशयास्पद. तो स्वतःच परीलोकातला असावा असा एमिलीला संशय, आणि ती त्याचा अभ्यासही पद्धतशीर करते. पहिला भाग मला तिन्हींत सरस वाटला. पीएचडी केलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या मैत्रिणीला भेट द्यायला उत्तम.

ताशा सुरी ही ब्रिटिश लेखिका तुम्ही वाचली नसेल तर वाचाच. 'द जॅस्मिन थ्रोन' (२०२१), 'द ओलिअँडर स्वोर्ड' (२०२२), 'द लोटस एम्पायर' (२०२४) अशी त्रयी. पहिल्या भागाला वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं. जग भारतीय धाटणीचं. साम्राज्याचं नाव पारिजातद्वीप. सम्राटाने स्वतःच्या बहिणीला, मालिनीला, चितेवर चढायची आज्ञा केली. तिने नकार दिला म्हणून ती एका पडक्या मंदिरात कैदेत आहे, रोज औषध पाजून गुंगीत ठेवलेली. तिच्या सेवेला येणारी मोलकरीण प्रिया लहानपणी त्याच मंदिरात वाढलेली. बाहेर एक रोग पसरलाय, ज्यात माणसाच्या कातडीतून पानं-फुलं फुटतात. या दोघींचं प्रेम आणि दोघींचं राजकारण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतं. प्रियाची शक्ती जितकी वाढते तितकी ती माणूस म्हणून कमी उरते, म्हणजे तिने जिंकावं की हरावं हेच वाचकाला कळेनासं होतं.

एक प्रामाणिक तक्रार: आपल्याला ही नावं जरा त्रास देतात. महाकाव्याच्या थाटात 'प्रिया' आणि 'भूमिका' आल्या की शाळेतल्या मागच्या बाकावरच्या मुली डोळ्यांसमोर येतात. पन्नास पानांत सवय होते. चिता आणि शुद्धतेचं राजकारण मात्र परक्या वाचकाला निव्वळ कल्पित वाटेल, आपल्याला तसं वाटत नाही. तिथे आपण जास्त घाबरतो, आणि ते बरोबर आहे.

बाकीची मतं भराभर. व्ही. ई. श्वाबची 'द इनव्हिजिबल लाइफ ऑफ ॲडी लारू' (२०२०): १७१४ साली लग्न टाळण्यासाठी अंधाराशी करार करणारी मुलगी, अमर होते पण नजरेआड झाली की सगळे तिला विसरतात. तीनशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या पुस्तकांच्या दुकानात एक मुलगा म्हणतो, तू आठवतेस मला. नियम अप्रतिम, मधली दीडशे पानं कापायला हवी होती. रिबेका रॉसची 'डिव्हाइन रायव्हल्स' (२०२३): एकाच वर्तमानपत्रात बढतीसाठी झगडणारे दोघं, आणि कपाटाखाली सरकवलेली टंकलिखित पत्रं जादूने नको त्याच्याकडे पोचतात. पत्रांपर्यंत सुरेख, युद्धात विसविशीत. टी. किंगफिशरची 'पॅलाडिन्स ग्रेस' (२०२०) मला यातल्या बऱ्याच गाजलेल्यांपेक्षा आवडते: नायक-नायिका दोघंही तिशी ओलांडलेले, ती अत्तरं बनवते, तो ज्या देवाचा योद्धा होता तो देवच मेला, आणि हा गडी उरलेल्या वेळात मोजे विणतो. कॉलेजवयीन पोरांच्या धुसफुशीचा कंटाळा आला असेल तर हीच घ्या.

साराह जे. मासबद्दल नाही लिहिलं तर इथे दंगल होईल. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ ची. जंगलात लांडगा मारणाऱ्या फेरेला त्याची किंमत म्हणून परीलोकात जावं लागतं, सांगाडा 'ब्यूटी अँड द बीस्ट'चा. पहिला भाग साधारण, दुसरा खरोखर चांगला, कारण पहिल्यात आपण जे प्रेम समजलो होतो त्याची ती निर्दयपणे तपासणी करते. तिसऱ्यापासून पात्रांची जत्रा भरते आणि सगळेच देखणे. दुसऱ्यानंतर थांबलात तर काही बिघडत नाही.

२०२५ मध्ये हॅरी पॉटरच्या फॅनफिक्शनमधून, म्हणजे चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथांमधून, नावं-गावं बदलून आलेल्या कादंबऱ्यांची एक लाट होती. त्यातली सेनलिन्यूची 'अल्केमाइज्ड' सर्वांत गाजली. हजारावर पानं, युद्धकैद, छळ, लैंगिक हिंसा, सगळं आहे. लिखाण कसदार आहे, पण हिला रोमँटिक समजून उशाशी घेऊन झोपू नका. मन घट्ट असेल तरच.

आणि कुणी म्हणालं की ही असली फॅडं मराठीत नव्हती, तर त्यांना 'मुक्तामाला'ची आठवण करून द्या. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ती कादंबरी १८६१ ची, आणि तिच्या मागोमाग रिसबुडांची 'मंजुघोषा'. विरह, संकटं, योगायोग, अद्भुत प्रसंग, देखणी जोडपी, सगळा मसाला. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला वाड्यातल्या माजघरात आणून बसवलं आणि अद्भुतरम्याला नाकं मुरडायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. आपट्यांबद्दल तक्रार नाही, नाकांबद्दल आहे.

आता भाचीचं. 'फोर्थ विंग' मोठ्यांसाठी लिहिलेली आहे. मारामारीचं एक सोडा, त्यातले शय्याप्रसंग सविस्तर आहेत, आणि मासच्या पुस्तकांतही. घोळ असा झाला की मासची ही मालिका सुरुवातीला किशोरवयीनांच्या कपाटात लागायची. नंतर मुखपृष्ठं बदलून मोठ्यांसाठी म्हणून आली, पण दुकानांत आणि रील्समध्ये अजूनही सगळी सरमिसळ दिसते. नववीतल्या मुलीला मी आज 'एमिली वाइल्ड' आणि 'स्पिनिंग सिल्व्हर' देईन, वाचनाचा वेग बघून 'डिव्हाइन रायव्हल्स'. ट्रॅव्हिस बाल्ड्रीची 'लेजेंड्स अँड लाटेज' (२०२२) तर निर्धास्त द्या: लढायांना कंटाळलेली एक धिप्पाड ऑर्क (फँटसीतली राक्षसासारखी जमात) बाई तलवार भिंतीला टांगून कॉफीचं दुकान काढते, सगळी चिंता गिऱ्हाईक येईल का याची. मात्र सरळ 'नाही' म्हणालात तर भाची 'फोर्थ विंग' मैत्रिणीकडून आणून वाचेलच. तुमच्याकडे निम्मी वाचलेली प्रत आहे. ती पुलाचा प्रसंग तुमच्यासमोर वाचू दे, आणि पुढचं कधी, हे तिच्या आईशी बोलून ठरवा.