पिरेनीजची 'स्वातंत्र्यवाट': बर्फ, घसारा आणि वेळेचं गणित

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधून पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये निसटणाऱ्यांची, साँ-जिरों या फ्रेंच गावातून निघणारी वाट जूनमध्ये चालता येईल का? बूट कोणते घ्यावेत?

उत्तर : जून टाळा. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही ताब्यात घेतला, सोप्या खिंडींवर पहारे बसले, म्हणून वाटाडे माणसांना मुद्दाम उंचावरून नेत. ती वाट आजही उंचावरूनच जाते, त्यामुळे क्लाउएर खिंडीखाली (2522 मीटर) बर्फ उशिरापर्यंत टिकतो, कधीकधी जुलैतही. जुलैअखेर ते सप्टेंबरची सुरुवात बरी.

साँ-जिरों ते स्पेनमधलं एस्तेरी द'आनेउ, चार दिवस धरा. तिसऱ्या दिवशी क्राबेरूस खिंडीजवळ 1945 मध्ये कोसळलेल्या हॅलिफॅक्स या ब्रिटिश बॉम्बर विमानाचे अवशेष दिसतात. मुक्काम एस्तान्यूच्या निवाऱ्यात (2245 मीटर). जागा आधीच राखून ठेवा.

खरी परीक्षा चौथ्या दिवशी. निवाऱ्यातून आधी 300 मीटर उतरून गोल तळ्यापाशी यायचं, मग क्लाउएर खिंडीपर्यंत जवळपास 600 मीटर सरळ चढ. पहाटे निघा, कारण दुपारी वीज-पावसाचा धोका. पण बर्फ उरला असेल तर तो पहाटे काचेसारखा टणक असतो; म्हणून बुटांना लावायचे काटे आणि बर्फकुऱ्हाड हवीच. नुसत्या काठ्यांनी घसरण थांबत नाही.

बूट घोट्यापर्यंतचे, कडक तळव्याचे. बहुतेकांचे गुडघे आणि अंगठ्याची नखं चढावर नव्हे, तर खिंडीपलीकडच्या 1200 मीटरहून जास्त उतारावर जातात. घसाऱ्याचा उतार सुरू होण्याआधीच नाड्या घोट्याशी घट्ट आवळा.