जुना डेस्कटॉप की मिनी पीसी? घरच्या फायरवॉलची भानगड

प्रश्न : घरात 300 एमबीपीएसचं फायबर आहे. मोजले तर वीसेक डिव्हाइस निघाले, त्यात चार कॅमेरे, आणि सगळं एकाच वायफायवर. ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर टाकून फायरवॉल (नेटच्या ये-जावरचा पहारेकरी) करायचीय. फोर्थ जनरेशन आय5 चा डेस्कटॉप पडून आहे, रॅम 8 जीबी, पण लॅन पोर्ट एकच. यूएसबी लॅन अडॅप्टर लावून भागेल का, की मिनी पीसी घेऊ? मित्र म्हणतो आय7 शिवाय नादच करू नको.

उत्तर : मित्राला सांगा, आय7 तुझ्या गेमसाठी ठेव. 300 एमबीपीएसचं एनएटी (घरातल्या सगळ्या डिव्हाइसना एकाच पत्त्यावरून नेट देणं) आणि साधे रूल्स तुमचा आय5 झोपेतही करेल. प्रोसेसरला घाम फुटतो तो सुरिकाटासारखं आयडीएस (येणारा-जाणारा डेटा तपासून हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) चालू केलं किंवा व्हीपीएनवरून बराच डेटा ओढला की, आणि तेही तुमच्या स्पीडला तो निभावून नेईल. एईएस-एनआय (प्रोसेसरमधली एन्क्रिप्शन वेगाने करायची सोय) आहे का बघा असं जो तो सांगतो, ते ओपनव्हीपीएन नावाच्या व्हीपीएनसाठी ठीक आहे, वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनचं एन्क्रिप्शनच वेगळं (चाचा20) असल्यामुळे त्याला त्याचा काही उपयोग नाही.

यूएसबी अडॅप्टर मात्र नको. मी हा उद्योग केलाय, दोन-तीन दिवस मस्त चालायचं आणि मग रात्री कधीतरी इंटरफेसच गायब, सकाळी घरचे नेट नेट करत उठवायचे आणि मी टेबलाखाली वाकून अडॅप्टर काढून परत लावतोय. ओपीएनसेन्सखाली फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिचं इंटेलच्या लॅन चिपशी छान जमतं, रियलटेकशी कधी जमतं कधी नाही. त्यामुळे इंटेलचं दोन पोर्टचं (एक फायबरकडे, एक घराकडे) पीसीआयई कार्ड, म्हणजे डेस्कटॉपच्या आत बसणारं कार्ड घ्या, आय350 मॉडेल चालेल, फक्त त्याची नक्कल बाजारात बरीच आहे तेवढं बघून.

आता विजेचं. माझा जुना डेस्कटॉप काही काम नसतानाही 50 वॉट खायचा, चोवीस तास चालू म्हणजे वर्षाला 438 युनिट. एन100 (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) वाला मिनी पीसी 10 वॉटच्या आसपास धरला तर 88. तुमच्या वीजदराने गुणून बघा, मिनी पीसीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात ते कळेल.

पण खरी गोम कॅमेऱ्यांची आहे. कॅमेरे आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर असले तर त्यांचं आपसातलं बोलणं फायरवॉलपर्यंत येतच नाही, परस्पर स्विचवरच उरकतं, मग तुम्ही आय9 लावा नाहीतर काहीही लावा. कॅमेऱ्यांचं व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क) वेगळं करावं लागेल, आणि त्याला मॅनेज्ड स्विच (ज्यात अशी सेटिंग करता येते तो) आणि वायफायसाठी व्हीलॅन समजणारा ॲक्सेस पॉइंट लागतो. बजेट तोकडं असेल तर आधी हे दोन घ्या. फायबरवाल्याचा डबा ब्रिज मोडमध्ये (नेट नुसतं पुढे सोडायचं, स्वतः राउटर व्हायचं नाही) टाकायला सांगा, नाहीतर दोनदा एनएटी होतं आणि पोर्ट फॉरवर्ड करताना (बाहेरून घरातल्या एखाद्या डिव्हाइसपर्यंत वाट काढताना) डोकं फिरतं.

माझं मत, कार्ड टाकून महिना-दोन महिने डेस्कटॉपवरच खेळा, हात बसला की मिनी पीसी घ्या. कॉन्फिगची (सगळ्या सेटिंग्जची) एक्सएमएल फाइल उचलून तिकडे टाकता येते, फक्त इंटरफेसची नावं बदलतात, आयजीबी0 चं आयजीसी0 वगैरे, ती परत नेमून द्यावी लागतात, म्हणून हे काम घरचे झोपल्यावर करा.